मार्च महिन्यातला ढीग

विदर्भातील एका औष्णिक वीज केंद्राच्या कोळसा हाताळणी विभागात माझी नोकरीची एकोणतीस वर्षे गेली. त्या विभागाच्या नियंत्रण कक्षात एक काळा फळा होता आणि संगणक आल्यावरही तो कोणी भिंतीवरून काढला नाही. प्रत्येक पाळीच्या अखेरीस त्यावर खडूने तीन आकडे लिहिले जात: आलेल्या रेक (कोळशाच्या पूर्ण मालगाड्या) किती, रिकाम्या झालेल्या किती आणि यार्डातील साठा किती दिवसांचा. तिसरा आकडा वीसच्या वर असला की आमचे कार्यकारी अभियंता चहाला थांबत. तो पाचावर आला की ते फळ्याकडे पाहून काही न बोलता निघून जात आणि थोड्याच वेळात रेल्वेच्या नियंत्रण कक्षाशी फोनवर चाललेली त्यांची बोलणी जिन्यापर्यंत ऐकू येत.

निवृत्तीनंतर नातेवाईक आणि शेजारी मला एकच प्रश्न वारंवार विचारतात: देशात कोळसा आहे की नाही? एका वर्षी टंचाईच्या बातम्या येतात, दुसऱ्या वर्षी विक्रमी उत्पादनाच्या येतात, आणि दोन्ही खऱ्या असतात. त्यामुळे विचारणाऱ्याचा गोंधळ होणे साहजिक आहे. माझे उत्तर ठरलेले आहे. वर्षभरात किती कोळसा काढला हे बाजूला ठेवा. मार्चअखेर वीज केंद्रांच्या यार्डांत किती दिवसांचा ढीग आहे तेवढे सांगा, म्हणजे मे महिना कसा जाईल ते मी सांगतो. मागणी उन्हाळ्यात चढते, खाणी पावसाळ्यात मंदावतात, आणि या दोहोंच्या मधले अंतर भरून काढण्याची जागा यार्डातील ढिगाखेरीज दुसरी नाही.

२०२१ या एका वर्षाकडे पाहिले तरी हे कळते. त्या वर्षी मार्चअखेर कोल इंडियाच्या खाणींच्या तोंडाशी जवळपास १० कोटी टन कोळसा पडून होता. आदल्या वर्षीच्या टाळेबंदीत कारखाने थंडावले होते, विजेची मागणी घसरली होती आणि केंद्रांना कोळसा उचलण्याची घाई नव्हती. कोळसा कंपन्या ‘न्या’ म्हणत होत्या, केंद्रे ‘पाहू’ म्हणत होती. सहा महिन्यांनी, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, देशभरातील केंद्रांच्या यार्डांत मिळून सुमारे ७० लाख टन कोळसा उरला होता, म्हणजे सरासरी चार दिवसांचा. या सहा महिन्यांत जमिनीखालचा कोळसा काही आटला नव्हता. मागणी मात्र अपेक्षेपेक्षा लवकर सावरली आणि जुलैमध्ये देशाची कमाल मागणी प्रथमच २०० गिगावॉटच्या, म्हणजे २ लाख मेगावॉटच्या, पुढे गेली. आंतरराष्ट्रीय बाजारात कोळशाचे भाव इतके कडाडले की मुंद्र्यासारख्या किनाऱ्यावरील, आयात कोळशावर बेतलेल्या केंद्रांना वीज विकण्यापेक्षा वीजनिर्मितीचे संच बंद ठेवणे परवडू लागले, आणि त्यांचा भार देशी कोळशावरील केंद्रांवर येऊन पडला. त्यातच सप्टेंबरभर कोळसापट्ट्यात पाऊस लागून राहिला.

पाऊस आणि कोळसा यांचे वैर ज्याने जवळून पाहिलेले नाही त्याला ते कळणे कठीण आहे. आपल्याकडील बहुतांश कोळसा आज खुल्या खाणींतून निघतो. कोळशाच्या थरावरील माती आणि दगड, ज्याला खाणीत सगळे ‘ओबी’ म्हणतात, तो आधी सुरुंग लावून सैल करायचा, शॉव्हेलने उचलायचा, डंपरने बाहेर नेऊन टाकायचा आणि मग कोळशाला हात लावायचा, असा तो क्रम असतो. पावसात डंपरचे उताराचे रस्ते निसरडे होतात, तळाशी साचलेले पाणी रात्रंदिवस पंपांनी उपसावे लागते आणि ओबी काढण्याचे काम मागे पडते. ते मागे पडले की पुढच्या महिन्यांचा कोळसा उघडा होत नाही. म्हणजे ऑगस्टच्या पावसाची झळ ऑगस्टपुरती राहत नाही; दिवाळीपर्यंत ती पुरते.

आमच्याकडे तोच पाऊस वॅगनमध्ये बसून येत असे. बॉक्सएन, म्हणजे वरून उघडी, वॅगन टिपलर नावाच्या उलथवणाऱ्या यंत्रावर घेतली, जबड्यांनी घट्ट धरली आणि संपूर्ण फिरवून उलटी केली की कोरडा कोळसा एका दमात खाली हॉपरमध्ये कोसळतो; तो गडगडाट कानाला इतका सवयीचा होतो की तो थांबला तरच माणूस मान वर करून पाहतो. ओला कोळसा कोसळत नाही. तो कोपऱ्यांत आणि तळाशी, परातीला चिकटलेल्या कणकेसारखा, धरून राहतो. मग वॅगन पुन्हा फिरवा, पुन्हा आपटा, शेवटी सब्बल घेऊन माणसे उतरवा. खाली हॉपरच्या जाळीवर त्याचा लगदा बसतो, पुढे चाळणी तुंबते, क्रशर तुंबतो, आणि एका पट्ट्यावरून दुसऱ्या पट्ट्यावर कोळसा सोडणारी च्यूट तर हमखास तुंबते. कोरडी रेक चार-पाच तासांत मोकळी होते, ओल्या रेकला बारा तासही लागतात, आणि त्या वाढीव तासांचा विलंब आकार रेल्वे लावते तो निराळाच. तिकडे बॉयलरच्या डोक्यावरील बंकर, म्हणजे कोळशाच्या टाक्या, रिकामे होऊ लागतात. कोळसा दळून भट्टीत सोडणारी एकेक मिल बंद पडली की भट्टीतील ज्योत टिकवण्यासाठी तेल सोडावे लागते. यार्डात दहा दिवसांचा कोळसा असताना बंकर रिकामे झाल्याने संच उतरवावा लागला, अशा रात्री मी पाहिल्या आहेत. फळ्यावरील तिसरा आकडा अशा रात्री अगदी निरोगी दिसत असतो.

येथे थोडा हिशेब मांडणे आवश्यक आहे. ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण भाराने चोवीस तास चालला तर १ कोटी २० लाख युनिट वीज देतो. युनिटमागे ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा धरला, तर त्या एका संचाला दिवसाला साधारण साडेसात ते आठ हजार टन कोळसा लागतो. एका रेकमध्ये अठ्ठावन्न-एकोणसाठ वॅगन आणि सुमारे ४ हजार टन कोळसा असतो. म्हणजे एका संचाला रोज दोन रेक. चंद्रपूरचे २,९२० मेगावॉटचे महाऔष्णिक केंद्र पूर्ण क्षमतेने चालवायचे ठरवले, तर दिवसाला ४५ हजार टनांच्या आसपास कोळसा हवा. दुर्गापूर, पद्मापूर, भटाडी या खाणी हाकेच्या अंतरावर असूनही हा आकडा गाठताना दमछाक होते. भुसावळ किंवा नाशिकजवळील एकलहरे या केंद्रांना तर शेकडो किलोमीटरवरून येणाऱ्या रेकवाचून गत्यंतर नाही. देशपातळीवर ही भूक दररोज २० लाख टनांहून अधिक आहे. खाणीला लागून असलेली केंद्रे सोडली, तर उरलेल्या सर्वांसाठी दिवसाला चारशेच्या पुढे रेक भरल्या गेल्या पाहिजेत, धावल्या पाहिजेत, रिकाम्या झाल्या पाहिजेत आणि पुन्हा खाणीवर परतल्या पाहिजेत. हे शेवटचे परतणे लोकांच्या लक्षात येत नाही. रिकामी रेक वाटेत बारा तास अडकली की उद्याची भरलेली रेक बारा तास उशिरा येणार, हे ठरून गेलेले असते.

२०२२ च्या एप्रिलमध्ये या साखळीचा ताण सर्वांच्या नजरेस आला. मार्चपासूनच उन्हाचा कडाका सुरू झाला होता. २९ एप्रिलला देशाची कमाल मागणी २०७ गिगावॉटवर पोहोचली आणि कोळशाच्या रेकना वाट मोकळी करून देण्यासाठी रेल्वेने प्रवासी गाड्यांच्या शेकडो फेऱ्या रद्द केल्या. लग्नसराईत गाडी रद्द झाल्याने चिडलेल्या माझ्या मेहुण्याने तेव्हा मला फोन करून, ‘तुमच्या कोळशापायी आमची वरात अडली,’ असे सुनावले होते. त्या महिन्यात विजेची खरेदी-विक्री होते त्या वीज विनिमय केंद्रांवरील कमाल दर युनिटला २० रुपयांवरून १२ रुपयांवर आणावा लागला. मे महिन्याच्या ५ तारखेला केंद्र सरकारने वीज कायदा २००३ मधील कलम ११ वापरून आयात कोळशावरील केंद्रांना पूर्ण क्षमतेने वीज निर्माण करण्याचे आदेश दिले. देशी कोळशावर चालणाऱ्या केंद्रांनाही वजनाच्या दहा टक्के आयात कोळसा मिसळण्यास सांगण्यात आले. तोही अशा वर्षी, की ज्याच्या जानेवारीत इंडोनेशियाने काही आठवडे निर्यात थांबवली होती आणि पुढे युक्रेनच्या युद्धामुळे भाव आणखी भडकले होते.

कागदावर हे मिसळणे सोपे दिसते. आमचे बॉयलर आणि मिल भरपूर राखेच्या, सावकाश पेटणाऱ्या देशी कोळशासाठी बांधलेले आहेत. इंडोनेशियातून येणाऱ्या कोळशात ज्वलनशील वायूंचे प्रमाण जास्त असते; मिलच्या गरम हवेत तो लवकर धुमसतो आणि प्रमाण चुकले तर मिललाच आग लागते. मिसळायचे म्हणजे रिक्लेमरने, म्हणजे ढिगातून कोळसा उचलणाऱ्या यंत्राने, दोन ढीग आलटून-पालटून उचलून पट्ट्यावर थर द्यायचे. आमच्याकडे रिक्लेमर दोन होते आणि त्यांतील एक बहुधा दुरुस्तीसाठी उभा असे. मग बुलडोझरने ढकलून जे होईल ते मिश्रण.

दिवसांचा साठा हा शब्दप्रयोगच थोडा फसवा आहे, असे माझे मत नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांतच झाले होते. मोजले जातात टन, जळतात उष्मांक. २०१२ पासून आपल्याकडे कोळशाची प्रतवारी एकूण उष्मांकावर केली जाते आणि जी-१ ते जी-१७ असे सतरा दर्जे आहेत. वीज केंद्रांकडे येणारा बराचसा कोळसा जी-११ च्या आगेमागे असतो. जी-११ म्हणजे किलोमागे ४,००० ते ४,३०० किलोकॅलरी. समजा, संचाला एक युनिट वीज देण्यासाठी २,४०० किलोकॅलरी उष्णता लागते. कोळशात ४,००० किलोकॅलरी असतील तर ६०० ग्रॅममध्ये काम भागते. ३,३०० असतील तर सुमारे ७३० ग्रॅम जाळावा लागतो. ५०० मेगावॉटच्या संचापुरते बोलायचे तर दिवसाला दीड हजार टनांचा फरक पडतो, म्हणजे पावणेतीन दिवसांना एक रेक जादा. त्याच ढिगाचे वीस दिवस साडेसोळा होतात आणि फळ्यावर मात्र वीसच लिहिलेले राहतात. जादा कोळशाबरोबर जादा राख येते, जादा राखेसाठी जादा पाणी लागते, आणि मिल, पाइप व पंखे लवकर झिजतात. आपल्या कोळशात राख ३० ते ४५ टक्के असते, तेव्हा रेल्वेच्या दर तीन वॅगनांपैकी एका वॅगनभर आपण राखच हजार किलोमीटर वाहून नेतो असे म्हणायला हरकत नाही.

खाणीवरचा उष्मांक आणि केंद्रावरचा उष्मांक यांतील तफावत हा तर संपूर्ण देशाच्या कोळसा व्यवहारातील जुना तंटा आहे. तिऱ्हाइताकडून नमुने घ्यावेत म्हणून धनबादच्या केंद्रीय खनन व इंधन संशोधन संस्थेसारख्या संस्थांवर ते काम सोपवण्यात आले, आणि त्याने परिस्थिती सुधारली हे मान्य केले पाहिजे. तरीही चार हजार टनांच्या रेकमधून काही किलोंचा नमुना कोणत्या वॅगनमधून, किती खोलीवरून आणि कोणाच्या देखत घेतला, यावर कोट्यवधी रुपयांचा फरक ठरतो. वॅगनच्या वरच्या थरात दिसणारा काळाभोर कोळसा आणि तळाशी निघणारे डोक्याएवढे दगड यांची आमच्या विभागात कायम थट्टा चाले. चाळणीवरून वेचलेल्या दगडांचा एक वेगळा ढीग यार्डाच्या कोपऱ्यात साठत असे आणि एका रसिक फोरमनने त्याला ‘आपली दगडखाण’ असे नाव दिले होते.

मग एवढे सगळे ठाऊक असताना केंद्रे मार्चमध्ये पुरेसा ढीग का करत नाहीत? माझ्या मते या विषयाची खरी गाठ येथे आहे, आणि तिचे उत्तर अभियांत्रिकीत नसून खातेवहीत आहे. दिवसाला ४५ हजार टन जाळणाऱ्या केंद्राने वीस दिवसांचा साठा करायचा म्हणजे ९ लाख टन. पोहोच किंमत टनाला ४ हजार रुपये धरली तर ३६० कोटी रुपये जमिनीवर पसरून ठेवायचे. नऊ टक्के व्याज धरले तर वर्षाला बत्तीस कोटींच्या पुढे जातात, आणि टंचाई आली नाही तर हे पैसे कोणालाही वाया गेल्यासारखे दिसतात. दर ठरवताना नियामक आयोग खेळत्या भांडवलात काही दिवसांचा साठा धरतो हे खरे. पण खेळते भांडवल हाती असायला आधी विकलेल्या विजेचे पैसे यावे लागतात. कृषिपंपांची थकबाकी वितरण कंपनीकडे तुंबते, वितरण कंपनी निर्मिती कंपनीचे देणे लांबवते आणि निर्मिती कंपनी कोळसा कंपनीचे. जून २०२२ मध्ये देशातील वितरण कंपन्यांकडे निर्मिती कंपन्यांची थकबाकी सुमारे १ लाख ४० हजार कोटी रुपये होती. विलंब अधिभाराचे नियम कडक झाल्यानंतर ती हप्त्याहप्त्याने बरीच खाली आली, आणि २०२२ नंतरच्या उन्हाळ्यांत यार्डे भरलेली दिसली त्यामागे हे एक मोठे कारण आहे. त्याचे श्रेय मात्र बहुधा उत्पादनाच्या विक्रमांनाच दिले जाते.

ढीग करून ठेवणे हेही निर्धोक काम नाही. कोळसा हवेतील प्राणवायू शोषून आतल्या आत तापतो. बुलडोझर फिरवून ढीग दाबला नाही, थरांत हवा राहिली, तर दोन-तीन आठवड्यांत तो धुमसू लागतो. पहाटेच्या पाळीला यार्डात गेल्यावर एखाद्या उतारावरून धुराची बारीक रेघ दिसायची आणि जवळ गेल्यावर रॉकेलसारखा वास यायचा. मग तेवढा भाग उकरून, पसरून, पाणी मारून सर्वांत आधी पट्ट्यावर चढवायचा. जुना कोळसा आधी वापरावा हा नियम आहे, पण नव्या रेकचा कोळसा थेट बंकरला देणे सोयीचे असल्याने जुना ढीग तसाच राहतो आणि तापतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने डिसेंबर २०२१ मध्ये साठ्याचे निकष बदलले. खाणीलगतच्या केंद्रांसाठी १२ ते १७ दिवस आणि दूरच्या केंद्रांसाठी २० ते २६ दिवस, तेही महिन्यानुसार कमी-जास्त. संच ८५ टक्के क्षमतेने चालतील असे गृहीत धरून हा हिशेब आहे. पावसाळ्याआधी जास्त आणि पावसाळ्यानंतर कमी हे तत्त्व कागदावर आले, याचा मला खरोखर आनंद झाला होता.

उत्पादनाच्या बाजूने पाहिले तर तक्रारीला फारशी जागा उरलेली नाही. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे ९९ कोटी ७० लाख टन कोळसा निघाला; पुढच्या वर्षी २० मार्च २०२५ रोजी १०० कोटी टनांचा टप्पा ओलांडला गेला. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर चार दशके कोल इंडिया आणि सिंगरेणी यांच्याभोवती फिरणारी ही व्यवस्था मधल्या काळात चांगलीच हादरली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या सप्टेंबरमध्ये २०४ खाणपट्ट्यांचे वाटप रद्द केले, २०२० पासून व्यावसायिक खाणकामासाठी लिलाव सुरू झाले, आणि आता खासगी व स्वतःच्या वापराच्या खाणींचा वाटाही वाढतो आहे. प्रश्न उरतो तो भूगोलाचा. वाढीव कोळसा येणार आहे कोरबा, तालचेर, ईब खोरे आणि उत्तर करणपुरा येथून. आपल्या वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) खाणींत ओबी जास्त आणि कोळसा तुलनेने कमी, त्यामुळे वणी, माजरी, घुग्घुस, उमरेडच्या भरवशावर महाराष्ट्राची वाढती गरज भागणार नाही. महानिर्मितीला मिळालेला गारे पालमा सेक्टर-२ हा पट्टाही छत्तीसगडच्या रायगड जिल्ह्यातच आहे. म्हणजे पुन्हा झारसुगुडा, बिलासपूर, नागपूर या आधीच गजबजलेल्या लोहमार्गावर आणखी रेक. तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेची कामे याच पट्ट्यात रेंगाळत, अडखळत पुढे सरकत आली आहेत. खाणीपासून सायलोपर्यंत, म्हणजे कोळशाच्या उंच कोठारापर्यंत, पट्टा टाकून तासाभरात रेक भरण्याच्या प्रकल्पांमुळे ट्रकची धूळ आणि भरण्याचा वेळ, दोन्ही कमी होतात. तालचेरचा कोळसा पारादीप बंदरातून जहाजाने दक्षिणेकडे पाठवण्याचा मार्ग तमिळनाडूने वर्षानुवर्षे वापरला आहे. मात्र रेल्वेने बंदर, बंदरातून जहाज आणि जहाजातून पुन्हा रेल्वे, अशा प्रत्येक उतार-चढावात कोळशाचा चुरा आणि खर्च, दोन्ही वाढतात.

या सगळ्याची किंमत आमच्या भागाने हवेत मोजली आहे. २००९ मध्ये देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी निघाली तेव्हा चंद्रपूर त्यात वरच्या क्रमांकांत होते. तेथील माणसाला विजेच्या मागणीचा आलेख दाखवून गप्प बसवता येत नाही, आणि बसवूही नये.

गेल्या काही वर्षांत या आलेखाचा आकारच बदलला आहे. ३० मे २०२४ रोजी देशाची कमाल मागणी २५० गिगावॉटवर गेली ती भर दुपारी, आणि त्या वेळी सौर प्रकल्प जोरात चालू होते. दुपार आता त्यामानाने सोपी झाली आहे. अवघड आहे ती संध्याकाळ. साडेसहानंतर तासा-दीड तासात सौर वीज शून्यावर येते, तर पंखे, कूलर आणि वातानुकूलन यंत्रे चालूच राहतात, आणि शहरांतील घरे दिवसभर तापलेली असल्यामुळे मे महिन्यात रात्री अकरा-बारापर्यंत मागणी हटत नाही. महाराष्ट्रात कृषिपंपांना दिवसा वीज देणाऱ्या सौर कृषी वाहिन्यांमुळे रात्रीचा काही भार दुपारकडे सरकतो आहे, ही चांगली गोष्ट. कोयनेचे १,९६० मेगावॉट संध्याकाळी मिनिटांत उभे राहतात, पण पश्चिमेकडे वर्षाला ६७.५ टीएमसीच पाणी वळवता येते, त्यामुळे मे उजाडेपर्यंत ते जपून वापरावे लागते. पाणी वर चढवून साठवण्याचा आपल्याकडील घाटघर प्रकल्प २५० मेगावॉटचा, म्हणजे एका जुन्या मध्यम संचाएवढा. बाकीची संध्याकाळ कोळशावर.

जून २०२५ अखेर देशाच्या स्थापित क्षमतेतील निम्मा वाटा कोळसा, वायू आणि तेलाव्यतिरिक्तच्या स्रोतांचा झाला, तरी प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा त्याहून बराच जास्त आहे, याचे कारण या संध्याकाळीत आणि रात्रीत आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अंदाजानुसार २०३१-३२ मध्ये कमाल मागणी ३६६ गिगावॉट असेल. त्यासाठी नवे कोळसा संचही बांधले जात आहेत, आणि जुन्या संचांना दुपारी ५५ टक्क्यांपर्यंत, पुढे ४० टक्क्यांपर्यंत खाली उतरण्याची सवय लावण्याचे नियम २०२३ मध्ये आले आहेत. पायाभूत भार अखंड वाहण्यासाठी बांधलेल्या बॉयलरला रोज असे उठाबशा काढायला लावले की त्याच्या नळ्यांना काय होते, हा दुसऱ्या लेखाचा विषय आहे. कोळसा विभागापुरता परिणाम असा, की उद्या किती जळेल हे आता आकाशातील ढगांवर ठरते. आमच्या काळी २१० मेगावॉटच्या संचाची रोजची भूक डोळे मिटून सांगता येत असे. आता स्वच्छ उन्हाचा वाऱ्याचा दिवस आणि ढगाळ, उकाड्याची रात्र यांच्या कोळशात पंचवीस-तीस टक्क्यांचाही फरक पडू शकतो, पण रेकची मागणी मात्र आठवडाभर आधी नोंदवावी लागते. २०२५ मध्ये पाऊस लवकर आला, मागणी आदल्या वर्षीची उंची गाठू शकली नाही, आणि खाणींच्या तोंडाशी पुन्हा १० कोटी टनांच्या आसपास कोळसा साचला. २०२१ च्या मार्चमध्येही एवढाच होता, हे मला त्या वेळी राहून राहून आठवत होते.

माझ्याच हाताखाली तयार झालेला एक सहायक अभियंता आता त्या विभागाचे काम पाहतो. गेल्या मार्चअखेर त्याचा फोन आला. आवाजात उत्साह होता.

“साहेब, आज फळ्यावर तेवीस लिहिले. तुमच्या वेळी एवढा कधी झाला होता का?”

“नव्हता,” मी म्हणालो. “उष्मांक किती धरलास?”

थोडा वेळ पट्ट्यांचा घरघराट तेवढा ऐकू आला.

“पावतीवरचा, साहेब.”

“प्रयोगशाळेतून गेल्या महिन्याची सरासरी माग आणि पुन्हा मांड.”

रात्री साडेनऊला त्याचा संदेश आला. त्यात एकच आकडा होता: एकोणीस.